अतिवेगवान रेल्वे: अंतर कमी होते की गाव रिकामे होते?

मांडवीकाठ (धागालेखक)

चवथीच्या गाड्यांचे आरक्षण सुरू झाले की काही मिनिटांतच प्रतीक्षा यादी लागते, हे मुंबईत माणूस असलेल्या गोव्यातल्या कोणत्याही घराला सांगायला नको. यंदा तिकिटांच्या त्या धावपळीत मुंबईच्या भावाने फोनवर विचारले, की बुलेट ट्रेन गोव्यापर्यंत आली तर आम्ही दर शनिवारी घरी येऊ, ती तुम्हाला हवी की नको? दर शनिवारी नारळ कोण खवणार तेही आधी ठरवा, असे आई स्वयंपाकघरातून म्हणाली आणि विषय हसण्यावारी गेला. माझ्या डोक्यातून मात्र तो गेला नाही, म्हणून हा धागा.

आधी शब्दांचा घोळ निस्तरतो. आपल्याकडे कोणत्याही नव्या, चकचकीत गाडीला ‘हायस्पीड’ म्हणायची सवय पडली आहे. आंतरराष्ट्रीय रेल्वे संघटनेच्या व्याख्येप्रमाणे नव्याने बांधलेल्या मार्गावर ताशी २५० किलोमीटर, किंवा सुधारलेल्या जुन्या मार्गावर साधारण २०० किलोमीटर, हा अतिवेगवान रेल्वेचा उंबरठा आहे. जून २०२३ मध्ये सुरू झालेली मुंबई–मडगाव वंदे भारत सुमारे ५८६ किलोमीटरला पावणेआठ तासांच्या आसपास घेते, म्हणजे सरासरी वेग ताशी ७५ किलोमीटर पडतो. पावसाळी वेळापत्रकात तोच प्रवास दहा तासांचा होतो आणि गाडी आठवड्यातून तीनच दिवस धावते. टोकियो ते ओसाका हे ५१५ किलोमीटरचे अंतर आजची सर्वांत जलद शिंकान्सेन, म्हणजे जपानची बुलेट ट्रेन, अडीच तासांच्या आत तोडते.

जपानच्या इतिहासातली एक बारीक गोष्ट मला फार बोलकी वाटते. शिंकान्सेनच्या सहा वर्षे आधी, १९५८ मध्ये, या दोन शहरांमध्ये ‘कोदामा’ नावाची जलद गाडी सुरू झाली. कोदामा म्हणजे पडसाद. सकाळी जावे आणि त्याच दिवशी परत यावे, म्हणून हे नाव. एका बाजूलाच सहा तास पन्नास मिनिटे लागत, त्यामुळे ओसाकात काम करायला जेमतेम दोनेक तास हाती उरत, पण दिवसात परतता येते हे लोकांना एकदा कळले. १ ऑक्टोबर १९६४ रोजी शिंकान्सेन धावू लागली तेव्हा हा प्रवास चार तासांवर आला आणि पुढच्याच वर्षी तीन तास दहा मिनिटांवर. सकाळचा चहा घरी, दुपारची बैठक दुसऱ्या शहरात आणि रात्रीचे जेवण पुन्हा घरी, असा दिवस नोकरदार माणसाच्या आवाक्यात आला.

माझ्या मते अतिवेगवान रेल्वेचे समाजावरचे बहुतेक परिणाम या एकाच गोष्टीतून निघतात. रात्रीचा मुक्काम टळला की माणूस नोकरी, शिक्षण, आजारपण आणि म्हाताऱ्या आईवडिलांची देखभाल यांचे हिशेब निराळ्या तऱ्हेने मांडू लागतो. स्पेनमध्ये १९९२ साली माद्रिद–सेव्हिल मार्ग सुरू झाला, तो सेव्हिलच्या जागतिक प्रदर्शनाचे निमित्त साधून. पण खरी उलथापालथ झाली ती वाटेवरच्या सिउदाद रेआल या लहान शहरात, कारण तिथून राजधानी तासाभराच्या अंतरावर आली. प्राध्यापक माद्रिदला राहून तिथल्या विद्यापीठात शिकवायला येऊ लागले आणि तिथली माणसे माद्रिदच्या नोकऱ्यांवर रोज जाऊ लागली. असा मार्ग उद्या मुंबईहून गोव्याकडे आला, तर उत्तर गोव्यातल्या पेडणे किंवा थिवी यांचे सिउदाद रेआल होईल का, आणि तसे व्हावे असे आपल्याला वाटते का?

वेंगुर्ल्याची बोट

माझे वय आता अठ्ठ्याहत्तर आहे, तेव्हा थोडे पाल्हाळ सहन करावे.

मुंबईच्या धक्क्यावरून आगबोट सुटली की रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत ती पणजीला लागे. पुरी रात्र डेकवर जाई, आणि ज्याला बोट लागे त्याची ती रात्र संपता संपत नसे. मोठी बोट किनाऱ्याला येत नसे अशा बंदरांत पडाव, म्हणजे लहान होड्या, यायचे. बायका मुलांना खांद्यावर घेऊन त्यांत उतरायच्या. या एका बोटीवर वेंगुर्ल्यात किती माणसे पोट भरत होती याची मोजदाद कुणी केली असेल असे मला वाटत नाही. पडाववाले होते, हमाल होते, खानावळी होत्या, बोटीच्या वेळेवर उघडणारी दुकाने होती, आणि पेडण्या-सावंतवाडीकडे माणसे नेणारे गाडीवानही होते.

पुढे रस्ते सुधारले, एस.टी. आणि गोव्याच्या कदंबा बसगाड्या आल्या, बोट गेली आणि रेल्वे आली. प्रवास सोपा झाला हे मी नाकारत नाही. माझ्याच मुलीच्या बाळंतपणाला मी रात्रीच्या गाडीने सकाळी पोहोचलो, बोटीच्या काळात ते जमले नसते. पण आगबोट बंदरोबंदर थांबत होती आणि रेल्वे बंदरापासून दूर, डोंगराच्या कडेने गेली. जुनी गावे जिथे होती तिथेच राहिली आणि वर्दळ मात्र दुसरीकडे सरकली. मांडवीकाठबाब, तुम्ही मुक्कामाचे लिहिले ते पटले, पण माझ्या मते पहिला प्रश्न गाडी किती धावते हा नसून ती कुठे थांबते हा आहे.

रूळजोड

रेल्वेच्या बांधकामात उमेदीची वर्षे घातलेला माणूस म्हणून दोन तांत्रिक गोष्टी नोंदवतो, कारण त्यांच्याशिवाय ही चर्चा हवेत राहील.

कोकण रेल्वेला मंदगती म्हणणे अन्यायाचे आहे. रोहा ते मंगळूरजवळचे ठोकूर हा सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली बांधला गेला आणि २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण मार्गावर वाहतूक सुरू झाली. नव्वदहून अधिक बोगदे, सुमारे दोन हजार लहानमोठे पूल, आणि तरीही वळणाची किमान त्रिज्या १२५० मीटर ठेवून ताशी १६० किलोमीटरसाठी त्याची आखणी केलेली होती. गाडी तेवढी धावत नाही, याची मुख्य कारणे दोन आहेत. रोहा–वीर हा दुहेरी झालेला तुकडा सोडला तर जवळपास सगळा मार्ग एकेरी आहे, त्यामुळे समोरून येणाऱ्या गाडीसाठी बाजूला थांबावेच लागते; आणि पावसाळ्यात कापलेल्या डोंगरांच्या बाजू ढासळण्याचा धोका असतो, म्हणून वेग मुद्दाम उतरवला जातो व गस्तीची माणसे रात्रंदिवस रुळांवर चालत असतात. जुलै २०२४ मध्ये पेडण्याच्या बोगद्यात पाणी शिरून वाहतूक बंद पडली होती, हे सर्वांना आठवत असेल. तिथली माती बांधकामाच्या काळापासूनच त्रास देत आली आहे.

आता खऱ्या अतिवेगवान मार्गाकडे वळू. वेग वाढला की वळण सैल लागते. १९६४ च्या तोकाइदो (टोकियो–ओसाका) शिंकान्सेनची किमान त्रिज्या २५०० मीटर आहे आणि तेवढ्यामुळेच नव्या गाड्यांनाही तिथे ताशी २८५ किलोमीटरच्या पुढे जाऊ देत नाहीत. म्हणजे कोकण रेल्वेच्याच रुळांवर बुलेट ट्रेन चालवू, ही कल्पना सोडूनच द्यावी. त्यासाठी संपूर्ण नवा मार्ग लागेल. मुंबई–अहमदाबाद हा ५०८ किलोमीटरचा मार्ग ताशी ३२० किलोमीटरसाठी आखला आहे, त्याचा बहुतांश भाग खांबांवर आहे आणि तोही मुख्यतः सपाट मुलखातून जातो. आपल्याकडे सह्याद्रीचे सुळके समुद्रापर्यंत उतरलेले आहेत, त्यामुळे बोगद्यामागून बोगदा येणार.

आणि बोगद्यांचा एक वेगळाच उपद्रव आहे. वेगात आत शिरणारी गाडी पुढची हवा पिचकारीच्या दट्ट्यासारखी ढकलते आणि दुसऱ्या तोंडाशी तोफ उडाल्यासारखा आवाज होतो. जपानने १९९७ मध्ये ताशी ३०० किलोमीटरची ५०० मालिकेची गाडी आणली तेव्हा तिचे नाक पंधरा मीटर लांब केले, आणि त्या आकारासाठी पाण्यात सूर मारणाऱ्या खंड्या पक्ष्याच्या चोचीचा अभ्यास केला होता. आपल्या खाजनाच्या, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेताच्या, काठावर रोज बसणारा हाच तो खंड्या.

जाईजुई

रूळजोडकाका, खंड्याचा उल्लेख वाचून फार बरे वाटले. मी नोकरीनिमित्त जपानच्या नागानो प्रांतात चार वर्षे राहिले. वेंगुर्ल्याची बोट आजोबांनी जे लिहिले, ते तिथे शिंकान्सेनच्या बाबतीत माझ्या डोळ्यांसमोर होते, म्हणून सविस्तर लिहिते.

तिथे कोमोरो नावाचे एक जुने गाव आहे. किल्ल्याचे अवशेष, चेरीची झाडे, जुन्या पेढ्या, आणि स्टेशनवर टोकियोच्या जलद गाड्यांचा थांबा असल्यामुळे त्या परिसरात त्याचा मान मोठा होता. १ ऑक्टोबर १९९७ रोजी नागानोपर्यंत शिंकान्सेन सुरू झाली, तेव्हा तिचे स्थानक कोमोरोला न होता शेजारच्या साकू शहराच्या हद्दीत, साकुदाइरा येथे झाले. आजूबाजूला तेव्हा बहुतेक शेते होती. आता तिथे मोठमोठी दुकाने, हॉटेले, नव्या वसाहती आहेत, आणि टोकियो सव्वा तासावर असल्यामुळे पास काढून रोज जाणारे लोकही आहेत. कोमोरोच्या स्टेशनसमोरच्या रस्त्यावर मात्र मी गेले तेव्हा भर दुपारी निम्मी दुकाने बंद दिसली. दोन्ही गावांत अंतर इतके कमी, की आपल्याकडे म्हापशाचा माणूस थिवीला जातो तसे तिथले लोक जा-ये करतात.

दुसरी गोष्ट जुन्या मार्गाची. शिंकान्सेन आली की तिला समांतर असलेला जुना मार्ग मोठी रेल्वे कंपनी सोडून देऊ शकते, आणि मग तो प्रांत व गावे मिळून चालवतात. कोमोरोचा मार्ग असाच स्थानिक कंपनीकडे गेला. त्याच्या अलीकडचा, योकोकावा ते कारुइझावा हा घाटाचा तुकडा तर कायमचा बंदच झाला. तिथली चढण पंधरास एक, म्हणजे पंधरा मीटर पुढे गेले की एक मीटर वर, अशी होती, त्यामुळे प्रत्येक गाडीला योकोकावाला थांबून जादा इंजिने जोडावी लागत. गोव्यातल्या कुळ्याहून घाटावरच्या कॅसलरॉकला चढणाऱ्या गाड्यांना मागून इंजिने लावतात, अगदी तसेच. फक्त आपली चढण सदतीसास एक आहे. त्या थांब्यात फलाटावरचे विक्रेते मातीच्या भांड्यात शिजवलेला भात विकत आणि गाडी सुटताना रांगेने उभे राहून वाकून नमस्कार करत. भात आजही मिळतो, पण मी तो हमरस्त्यावरच्या एका उपाहारगृहात बसून खाल्ला. चव उत्तम होती.

तिथल्या लोकांना शिंकान्सेनचा अभिमान आहे आणि तो रास्तही आहे. १९६४ पासून आजवर टक्कर किंवा घसरण होऊन तिच्यात एकही प्रवासी दगावलेला नाही. पण मार्गाशेजारी राहणाऱ्यांची बाजूही तिथे नोंदली गेली आहे. नागोयाच्या रहिवाशांनी आवाज आणि हादऱ्यांविरुद्ध १९७४ मध्ये दावा लावला, सरकारने १९७५ मध्ये वस्तीच्या भागासाठी ७० डेसिबलची मर्यादा घातली, आणि दाव्यात तडजोड व्हायला १९८६ साल उजाडले.

फोंड्याचा मास्तर

जाईजुईताईंचा प्रतिसाद वाचला. आमच्या फोंडा तालुक्यात मुळात एकही रेल्वे स्थानक नाही आणि राजधानी पणजीच्या माणसालाही गाडीसाठी करमळी गाठावी लागते, त्यामुळे गमावण्यासारखा थांबा आमच्याकडे नाहीच.

भाषेचा शिक्षक म्हणून एक भर घालतो. चीनमध्ये डिसेंबर २००९ मध्ये वुहान–ग्वांगझू अतिवेगवान मार्ग सुरू झाला आणि दहाएक तासांचा प्रवास तीन तासांवर आला. त्याबरोबर स्वस्त, संथ गाड्या कमी करण्यात आल्या. नववर्षाला गावी जाणाऱ्या मजुरांना, म्हणजे त्यांच्याकडच्या चाकरमान्यांना, वेळेपेक्षा पैसा वाचवणे महत्त्वाचे होते, पण त्यांच्यापुढे महाग तिकिटाशिवाय पर्याय उरेना. तेव्हा लोकांनी ‘हायस्पीड रेल्वे’ या नामालाच कर्मणी प्रयोगाचे चिन्ह जोडून एक शब्द घडवला. मराठीत त्याचा अर्थ ‘आम्ही वेगवान केले गेलो’ असा होईल. कर्मणी प्रयोगाचे इतके नेमके उदाहरण मला पाठ्यपुस्तकात सापडलेले नाही.

किनाऱ्यावरची खोली

सगळेच दुःखाचे सूर लावत आहेत म्हणून विरुद्ध बाजू मांडते. मी बार्देशात पाच खोल्यांचे छोटे अतिथीगृह चालवते. विमानाचे भाडे सुट्ट्यांत आकाशाला भिडते, आणि मोटारीने येणारा पाहुणा महामार्गाला शिव्या देत अर्धमेला होऊन पोहोचतो. पॅरिस–लियों मार्ग १९८१ मध्ये सुरू झाल्यावर त्या दोन शहरांमधली विमानाची गर्दी रेल्वेने ओढली. माद्रिद–बार्सिलोना मार्ग २००८ मध्ये पूर्ण झाल्यावर तिथेही तेच झाले, आणि २०२१ पासून त्या मार्गावर दुसऱ्या कंपन्यांना गाड्या चालवायची मुभा मिळाल्यावर तिकिटे आणखी उतरली. फ्रान्सने तर अडीच तासांच्या आत रेल्वेने जाता येते अशा काही देशांतर्गत विमानफेऱ्या २०२३ मध्ये कायद्याने बंद केल्या. धुराचा आणि इंधनाचा विचार करता हे चांगलेच आहे. मला तरी ही गाडी हवी आहे.

वेंगुर्ल्याची बोट

बाई, तुमच्या धंद्याला माझ्या शुभेच्छाच आहेत, पण एक शंका विचारतो. मांडवीकाठ म्हणतात की अशा गाडीने मुक्काम टळतो. तुम्ही तर मुक्कामच विकता.

किनाऱ्यावरची खोली

आजोबा, या प्रश्नाने माझी झोप उडवलीत. खरे आहे की सकाळी येऊन समुद्र पाहून रात्री परत जाणारा पाहुणा मला नको आहे. तो कचरा इथे टाकील आणि पैसे गाडीत खर्च करील. तरीही मला वाटते की तीन तासांत येणारा माणूस वर्षातून एकदा पाच दिवस राहण्याऐवजी पाच वेळा दोन-दोन दिवस राहील, आणि पावसातही येईल, जेव्हा माझ्या खोल्या रिकाम्या असतात. हा माझा अंदाज आहे, हिशेब नाही.

खाजन

मी शेतकरी आहे आणि मला एवढे लांब लिहिता येत नाही, तरी एक आठवण करून देतो. १९९०–९३ च्या सुमारास कोकण रेल्वेचा गोव्यातला मार्ग पूर्वेकडे, आत सरकवावा म्हणून इथे मोठे आंदोलन झाले होते. खाजनांचे बांध, करमळीचे तळे आणि जुने गोवे यांची काळजी त्यामागे होती. काम काही काळ थांबले, चौकशी झाली आणि मार्ग मुख्यतः ठरला तसाच झाला. त्या आंदोलनात मी होतो, आणि आज माझा मुलगा त्याच रेल्वेने रत्नागिरीला कामाला जातो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

बांध एकदा फुटला आणि खारे पाणी शेतात शिरले की पुढची कितीतरी पिके जातात. खांबांवरून नेणार म्हणून जमीन कमी लागते असे सांगतात. पण खांब उभारायला यंत्रे कुठून नेणार, भराव कुठे टाकणार आणि पाण्याची वाट कोण मोकळी ठेवणार, हे नकाशा काढण्याआधी सांगा. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिनईघाट–कॅसलरॉक–कुळे दुपदरीकरणाची वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली, तीही आधीच उत्तरे न दिल्यामुळेच ना?

रूळजोड

खाजनबाब, आपला प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर मार्ग आखणाऱ्याने पहिल्या दिवशीच द्यायला हवे. त्या निकालाबाबत एवढेच जोडतो की तिथे मुद्दा पश्चिम घाटातल्या अभयारण्याचा आणि त्या दुपदरीकरणाची गरज सिद्ध झाली नाही याचा होता.

खर्चाबद्दल कुणी बोलले नाही म्हणून सांगतो. पहिल्या शिंकान्सेनचा खर्च अंदाजाच्या जवळजवळ दुप्पट झाला. रेल्वेचे अध्यक्ष सोगो शिंजी आणि मुख्य अभियंता शिमा हिदेओ या दोघांनीही १९६३ मध्ये पद सोडले, आणि ज्या गाडीसाठी त्यांनी आयुष्य वेचले तिच्या उद्घाटनाला दोघेही नव्हते. तो मार्ग पुढे भरघोस नफ्यात गेला, कारण त्याच्या दोन टोकांना आणि मधल्या नागोयाला प्रचंड वस्ती होती. तैवानमध्ये २००७ साली सुरू झालेला मार्ग खासगी कंपनीने बांधला, त्याची काही स्थानके शहरांपासून दूर पडली आणि अखेर २०१५ मध्ये सरकारला तो आर्थिकदृष्ट्या सावरावा लागला. फ्रान्समध्ये दोन शहरांच्या मधोमध, बिटाच्या शेतात उभारलेल्या एका स्थानकाला लोक आजही ‘बिटांचे स्टेशन’ म्हणून हिणवतात. मुंबई आणि गोवा यांच्या मध्ये नागोया नाही. चिपळूण, रत्नागिरी, कणकवली आहेत. त्यांना थांबे दिले तर वेग मार खातो आणि न दिले तर त्यांचे कोमोरो होते. मला विचाराल तर आजच्या मार्गाचे दुपदरीकरण आणि डोंगरांच्या बाजूंची पक्की बांधणी यांवर आधी पैसा घालावा. मुंबई–मडगाव प्रवास बारा महिने, पावसातही, सहा तासांत आणि वेळेवर झाला, तर वर उल्लेखलेल्या बहुतेक गोष्टी बुलेट ट्रेनशिवाय साधतील.

मांडवीकाठ (धागालेखक)

सर्वांचे मनापासून आभार. मी मुक्कामावर भर दिला होता, आजोबांनी तो थांब्यावर आणला आणि जाईजुईताईंच्या कोमोरोने मला पुरते गप्प केले. रूळजोडकाकांच्या सहा तासांशी मी सहमत आहे, पण एक मतभेद नोंदवतो. सहा तासांत दिवसाचा पडसाद होत नाही. मुंबईचा माणूस तेव्हाही चवथीलाच येईल, दर शनिवारी येणार नाही. आजारी आईला पाहून दुसऱ्या सकाळी कामावर हजर होता येणे, ही चैन मानायची की गरज, यावर माझे मन अजून ठरत नाही.

जाईजुई

भावाला तिकीट मिळाले का, ते सांगायचे राहिले.

मांडवीकाठ (धागालेखक)

प्रतीक्षा यादीत एकशे बारावा आहे. तो मोटारीने यायचे म्हणतो आहे, आणि आईने दोन नारळ जास्त आणायला सांगितले आहेत.